लोखंडाची स्मृति व उष्णता

मनुष्यानें आपली आठवण आपल्यामागें टिकावी म्हणून जीं जीं साधनें आजवर हातीं धरलीं, त्यांतील प्रत्येकास कोणी ना कोणी वैरी ठरलेलाच आहे. कागदास कसर व वाळवी, ताम्रपटास कांसाराची मूस, शिलालेखास ऊन, पाऊस आणि शेवाळ. जुन्या दप्तराचे रुमाल सोडतांना ज्यांच्या हातीं कधीं नुसता भुगा आला असेल, त्यांस हें निराळें सांगावयास नको. गेल्या सव्वाशें वर्षांत मनुष्यानें आपल्या आठवणीचा फार मोठा भाग लोखंडाच्या व त्याच्या जातभाई धातूंच्या चुंबकत्वावर सोंपविला. गवयांचे आवाज, पेढ्यांचे हिशेब, राज्यकारभाराच्या नोंदी, घरोघरचीं छायाचित्रें व पत्रें, हें सारें उत्तर व दक्षिण अशा दोनच अक्षरांच्या लिपींत लिहिलें गेलें, व त्यांतील पुष्कळसें आजही तसेंच लिहिलें जात आहे. या साधनासही वैरी आहे. पण तो वाळवीसारखा बाहेरून येत नाहीं. तो वस्तूच्या अंगींच, तिच्या कणाकणांत, रात्रंदिवस वावरत असतो. त्याचें नांव उष्णता. या वैऱ्याशीं मनुष्यानें कसकसे तह केले, त्यांत कोणत्या अटी मान्य केल्या आणि आज तो तह कोठवर येऊन ठेपला आहे, याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावा, असा आमचा या लेखांतील हेतु आहे.

उष्णता आणि चुंबकत्व यांचें वाकडें आहे, ही गोष्ट पद्धतशीरपणें ग्रंथांत नोंदविण्याचा मान इंग्लंडांतील वैद्य विल्यम गिल्बर्ट याजकडे जातो. लोहचुंबकाविषयींचा त्याचा लॅटिन ग्रंथ १६०० सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. चुंबकित लोखंड विस्तवांत लाल होईपर्यंत तापविलें तर त्याची आकर्षणशक्ति नाहींशी होते, हें त्यानें प्रयोगानें दाखविलें. याच ग्रंथांत एक चित्र आहे. लोहार ऐरणीवर तापलेली कांब उत्तरदक्षिण धरून ठोकीत आहे. अशी कांब त्याच दिशेंत ठेवून निवूं दिली, तर पृथ्वीच्या चुंबकत्वाचा ठसा तिजवर उमटतो व ती स्वतःच एक दुर्बळ चुंबक बनते. म्हणजे ज्या विस्तवानें जुनी स्मृति पुसली, त्याच विस्तवांतून बाहेर पडतांना नवी स्मृति कोरली गेली. उष्णतेचें हें दुहेरी वर्तन, एकदां पुसणें आणि एकदां कोरूं देणें, वाचकांनीं ध्यानांत धरावें. कारण पुढील सव्वाचारशें वर्षांचा इतिहास याच दोन क्रियांभोंवतीं फिरतो.

पुसण्याची मर्यादा नक्की कोठें, हें ठरण्यास एकोणिसावें शतक संपत यावें लागलें. १८९५ सालीं पॅरिस येथें पिएर क्यूरी यानें निरनिराळ्या तापमानांतील चुंबकत्वाविषयीं आपला प्रबंध सादर केला. प्रत्येक चुंबकीय धातूस स्वतःची अशी एक तापमानाची सीमा असते व ती ओलांडतांच त्याचें अंगचें चुंबकत्व लोपतें, ही गोष्ट त्याच्या मोजमापांनीं पक्की झाली, आणि त्या सीमेस पुढें त्याचेंच नांव मिळालें. लोखंडाची ही सीमा सुमारें ७७० अंश सेंटिग्रेड, निकेलची सुमारें ३५५, तर कोबाल्टची १,१०० अंशांच्याही वर आहे. १९०७ सालीं पिएर वाइस यानें कारणाचा उलगडा केला. चुंबकीय धातूचा प्रत्येक परमाणु हा स्वतः एक इवलासा चुंबक असून शेजारच्या परमाणूंच्या प्रभावानें तो त्यांच्याच दिशेस तोंड करून राहतो, असें त्यानें प्रतिपादिलें. दिंडींतील वारकरी जसे टाळमृदंगाच्या ठेक्यावर शेजाऱ्याबरोबर पाऊल टाकितात, तशीच ही एकवाक्यता समजावी. उष्णता म्हणजे त्या दिंडींत होणारी रेटारेटी. ती थोडी असेल तोंवर ठेका मोडत नाहीं. वाढत वाढत एका मर्यादेपलीकडे गेली कीं प्रत्येकजण आपापल्या वाटेनें धांवूं लागतो आणि दिंडी म्हणून कांहीं उरत नाहीं. हा शेजारधर्म मुळांत कोठून येतो, याचें उत्तर १९२८ सालीं वेर्नर हायझेनबर्ग यानें क्वांटम सिद्धांताच्या आधारें दिलें.

क्यूरीच्या या सीमा पाहून यंत्रकारांस निश्चिंत वाटावें, हें साहजिकच होतें. सातशें सत्तर अंशांची सीमा कोणीकडे आणि खोलींतील तीस अंशांची ऊब कोणीकडे! डेन्मार्कमधील वाल्डेमार पौल्सेन यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर मनुष्याचा आवाज चुंबकरूपानें उतरविण्याची युक्ति काढली. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा आवाज त्या यंत्रानें टिपला, व तो आजही ऐकतां येतो. १९२८ सालीं जर्मनींत फ्रिट्झ फ्लॉयमर यानें तारेऐवजीं कागदी फितीवर लोहचूर्णाचा लेप दिला. पुढें १९५३ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. संस्थेंत जे फॉरेस्टर व त्याचे सहकारी यांनीं फेराइटच्या मण्यांएवढ्या कड्या तारांत ओंवून गणकयंत्राची स्मृति तयार केली. एका कडीनें एक संकेत लक्षांत ठेवावयाचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या गणकयंत्राची स्मृतिही अशाच कड्यांची होती, आणि तींत चाळीस अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. या कड्यांनीं उष्णतेची पहिली कुरकुर ऐकविली. तापमान बदललें कीं कडी उलटविण्यास लागणारा विद्युत्प्रवाहही बदले. म्हणून कांहीं मोठ्या यंत्रांत कड्यांचे गठ्ठे तेलांत बुडवून एकाच तापमानावर राखावे लागत. तथापि एकदां लिहिलेलें आपोआप पुसलें जाईल, ही भीति कोणास नव्हती. तार, फीत व कडी हीं सारीं साधनें आकारानें मोठीं होतीं, आणि त्या मोठेपणांतच त्यांचें रक्षण होतें.

हें रक्षण लहानपणाबरोबर संपतें, ही गोष्ट ज्यानें प्रथम नीट गणितांत मांडली, त्याचें लक्ष गणकयंत्रांकडे मुळींच नव्हतें. तें होतें भाजलेल्या विटांकडे. फ्रान्समध्यें एमिल तेलिए हा जुन्या भट्ट्या, विटा व मडकीं यांच्या अंगीं असलेलें चुंबकत्व मोजीत असे. मातींत लोहयुक्त खनिजाचे सूक्ष्म कण असतात. भट्टी निवतांना ते कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेस वळतात व पुढें शतकानुशतकें तसेच राहतात. इतके बारीक कण इतका दीर्घ काळ आठवण ठेवितात तरी कसे, हा प्रश्न ग्रेनोबल येथील लुई नेएल यानें हातीं घेतला व १९४९ सालीं सूक्ष्म कणांच्या चुंबकत्वाविषयींचा आपला निबंध प्रसिद्ध केला. ‘भाजलेल्या मातीस उपयोग’ असे शब्द त्या निबंधाच्या मथळ्यांतच होते. १९७० सालीं नेएल यास पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

नेएलचा विचार असा. चुंबकीय कण पुरेसा बारीक असला कीं त्यांतील सारे परमाणु एकजुटीनें एकाच दिशेस तोंड करून असतात. या एकजुटीस परस्परविरुद्ध अशा दोनच दिशा सोयीच्या असतात. जणूं दोन बाजूंस दोन दऱ्या आणि मध्यें एक घाट. कण एका दरींत बसलेला असतो आणि उष्णता त्यास सारखे धक्के देत असते. घाटाची उंची दोन गोष्टींवर अवलंबून: द्रव्याचा दिशेविषयींचा हट्ट आणि कणाचें आकारमान. घाटाची उंची उष्णतेच्या सरासरी धक्क्याच्या किती पट आहे, या एका आंकड्यावर कणाच्या स्मृतीचें आयुष्य ठरतें. कण घाट चढण्याचा यत्न एका सेकंदांत सुमारें शंभर कोटी वेळां करितो असें धरलें, तर हिशेब पुढीलप्रमाणें येतो. हा आंकडा २० असेल तर स्मृति अर्ध्या सेकंदांत जाते. ३० असेल तर तीन तास टिकते. ४० असेल तर साडेसात वर्षें. आणि ६० असेल तर साडेतीनशें कोटी वर्षांहून अधिक. आंकडा तिप्पट झाला आणि आयुष्य अर्ध्या सेकंदावरून पृथ्वीच्या वयाच्या जवळपास गेलें! आतां हाच हिशेब उलट करून पाहावा. ६० आंकड्याच्या गोल कणाचा व्यास निम्मा केला, तर त्याचें आकारमान एक अष्टमांश होतें, आंकडा साडेसातावर येतो, आणि स्मृति एका सेकंदाच्या सुमारें पांच लाखाव्या भागांत विरून जाते. क्यूरीची सीमा कोसभर दूर असतांही, केवळ लहान झाल्यामुळें, चुंबक आपली आठवण गमावतो.

निसर्गानें याच नियमानें लिहिलेला सर्वांत भव्य लेख आपल्या महाराष्ट्राच्या पायाखालीं आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण हा सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं वाहिलेला लाव्हा होय. तो निवत असतां त्यांतील लोहखनिजाच्या कणांनीं त्या वेळची चुंबकीय दिशा जशीच्या तशी धरून ठेविली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं दख्खनच्या खडकांचे नमुने तपासून १९५६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या दिशेवरून असें दिसलें कीं, हा लाव्हा वाहत होता तेव्हां ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. भूखंडें सरकतात या मतास ज्या पुराव्यांनीं बळ आलें, त्यांत दख्खनच्या पाषाणाची ही साक्ष महत्त्वाची ठरली. सहा कोटी वर्षें एवढी आठवण टिकते, कारण ती लिहितांना अग्नीची शाई होती आणि ती पुन्हा पुसून लिहिण्याची कोणास आवश्यकता नव्हती. मनुष्यास हवी असलेली स्मृति मात्र निराळी आहे. ती लिहितां यावी, वाचतां यावी, पुसतां यावी, पुन्हा लिहितां यावी, आणि शिवाय ती तिळाएवढ्या जागेंत कोट्यवधि संकेत मावतील इतकी बारीक असावी. या मागण्यांतच सर्व पुढील संकटांचें मूळ आहे.

१९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें चुंबकीय तबकड्यांचें पहिलें यंत्र विकावयास काढलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या असून सर्व मिळून पन्नास लाख अक्षरें मावत. पुढील चाळीस वर्षांत एका संकेताची जागा एवढी आक्रसली कीं, नेएलचा आंकडा यंत्रकारांच्या दारांत येऊन उभा राहिला. १९९७ सालीं स्टॅन्ली चॅरप व त्याचे सहकारी यांनीं हिशेब करून इशारा दिला कीं, त्या वेळच्या पद्धतीनें एका चौरस इंचांत सुमारें चार हजार कोटींहून अधिक संकेत लिहूं गेल्यास ते आपोआप पुसले जातील. या कोंडींतून बाहेर पडण्याची एक वाट जपानांतील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठांत शुन-इची इवासाकी यानें १९७७ सालींच दाखविली होती. चुंबकांस तबकडीवर आडवें निजविण्याऐवजीं उभें करावें, हीच ती वाट. उभ्या चुंबकांस एकमेकांस खेटून राहतां येतें, व लेप कांहींसा जाड ठेवून आकारमानही राखतां येतें. ही कल्पना बाजारांत येण्यास अठ्ठावीस वर्षें लागलीं. २००५ सालीं तोशिबा कंपनीनें उभ्या चुंबकांची तबकडी विकावयास आणिली. आडवें कीं उभें, हा प्रश्न वाचकांनीं विसरूं नये. तो लवकरच पुन्हा आपल्या भेटीस येणार आहे.

तबकडी फिरवावी लागते, व फिरणारी वस्तु मंद असते. गणकयंत्राच्या अगदीं हाताशीं असलेली जलद स्मृति निराळी. ती विद्युद्भारावर चालते, पण तो भार एकसारखा झिरपत असल्यामुळें ती एका सेकंदांत पंधरासोळा वेळां पुन्हा भरावी लागते, व वीज गेली कीं ती समूळ नष्ट होते. चुंबकाचें टिकाऊपण व विद्युत्स्मृतीचा वेग यांचा संगम करावा, या इच्छेंतून जें साधन निपजलें, त्यास मॅग्नेटिक टनेल जंक्शन म्हणतात. आम्ही त्यास सोयीसाठीं ‘बोगदासंधि’ म्हणूं. दोन चुंबकीय पटलें आणि त्यांच्यामध्यें विद्युत्प्रवाहास मज्जाव करणारा एक अतिशय पातळ पडदा, एवढीच त्याची रचना. पडदा पुरेसा पातळ असल्यास इलेक्ट्रॉन क्वांटम नियमानें, डोंगरास बोगदा पडावा तसे, त्यांतून पार होतात. दोन्ही पटलांचें चुंबकत्व एकाच दिशेस असेल तर ते सुखानें जातात; विरुद्ध दिशांस असेल तर अडखळतात. एक पटल कायमचें जखडून ठेवावें व दुसरें उलटसुलट करावें, म्हणजे रोध किती आहे एवढें पाहूनच संकेत वाचतां येतो.

फ्रान्समधील रेन येथें मिशेल ज्युलिएर यानें १९७५ सालीं हा परिणाम प्रथम पाहिला. पण तो द्रवरूप हेलियमच्या कडक थंडींत, व तोही १४ टक्क्यांएवढा. साध्या खोलीच्या उबेंत तो मिळण्यास वीस वर्षें गेलीं. १९९५ सालीं तोहोकु विद्यापीठांत मियाझाकी व तेझुका यांनीं, आणि एम. आय. टी. मध्यें मूळचे भारतीय असलेले जगदीश मूडेरा व त्यांचे सहकारी यांनीं, अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पडदा वापरून तो साधला. पुढच्याच वर्षीं जॉन स्लॉन्चेव्स्की व ल्यूक बर्जर यांनीं स्वतंत्रपणें असें दाखविलें कीं, संधींतून जाणारा विद्युत्प्रवाहच मोकळ्या पटलाचें चुंबकत्व उलटवूं शकतो. वाचण्याची सोय होतीच. आतां लिहिण्याची सोयही त्याच मार्गानें होणार होती.

येथून उष्णतेची दुसरी बाजू, गिल्बर्टच्या लोहाराची बाजू, पुढें येते. २००१ सालीं सिद्धांतवेत्त्यांनीं भाकित केलें कीं, पडदा मॅग्नेशियम ऑक्साइडचा असून त्याचे व लोखंडाचे स्फटिक नेमके जुळले, तर परिणाम कितीतरी पटींनीं वाढेल. २००४ सालीं अमेरिकेंत स्टुअर्ट पार्किन व जपानांत शिंजी युआसा यांच्या गटांनीं तो सुमारें २०० टक्क्यांपर्यंत नेऊन भाकित खरें केलें. परंतु नेमके जुळलेले स्फटिक कारखान्यांत हजारोंनीं काढावे कसे? त्याची युक्ति २००५ सालीं जपानांतच निघाली. लोखंड व कोबाल्ट यांत थोडें बोरॉन मिसळलें कीं पटल कांचेप्रमाणें अस्फटिक बसतें. त्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड आपल्या स्वभावानें सुरेख स्फटिकरूपांत वाढतें. मग साऱ्या थरांस एकदम तीनशेंसाडेतीनशें अंशांचा ताव द्यावयाचा. त्या तावांत बोरॉन पटल सोडून बाजूच्या टँटॅलमच्या थरांत निघून जातें, आणि मागें राहिलेले लोखंड-कोबाल्टचे परमाणु पडद्याचा कित्ता गिरवीत स्वतः स्फटिकरूप होतात. अशा रीतीनें पुसणाऱ्या उष्णतेसच रचनाकार केलें गेलें.

आतां उभ्या चुंबकांचा प्रश्न. आडव्या पटलाचा दिशेविषयींचा हट्ट त्याच्या लांबट आकारावर अवलंबून असे. संधि लहान होऊं लागला कीं तो हट्ट अपुरा पडे, आणि उलटविण्यास प्रवाहही फार लागे. पटल उभ्या दिशेचा हट्ट धरील तर दोन्ही अडचणी हलक्या होणार होत्या. पातळ पटलाच्या पृष्ठभागावरील परमाणूंचा हट्ट आंतील परमाणूंहून निराळा असूं शकतो, हें नेएल यानेंच १९५४ सालीं सांगून ठेविलें होतें. १९८५ सालीं कार्सिआ यानें पॅलेडियम व कोबाल्ट यांचे अति पातळ थर आलटूनपालटून चढवून त्याचा प्रत्यय दाखविला. मग २०१० सालीं तोहोकु विद्यापीठांतील शोजी इकेदा, हिदेओ ओनो व त्यांचे सहकारी यांनीं जें दाखविलें, त्यानें या विद्येची दिशाच ठरली. त्याच परिचित लोखंड-कोबाल्ट-बोरॉनचें पटल १.३ नॅनोमीटर, म्हणजे मोजक्या परमाणूंच्या जाडीचें केलें, तर मॅग्नेशियम ऑक्साइडशीं होणाऱ्या नुसत्या स्पर्शानें त्याचें चुंबकत्व उभें राहतें. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) त्यांचा संधि ४० नॅनोमीटर व्यासाचा होता, रोधांतील फरक १२० टक्क्यांहून अधिक, उलटविण्याचा प्रवाह एका अँपियरच्या सुमारें वीस हजाराव्या भागाएवढा, आणि नेएलचा तो आंकडा ४० च्या आसपास.

चाळीस म्हणजे साडेसात वर्षें, हें वर आलेंच आहे. एका संधीस तें पुरेसें वाटेल. पण एका चकतींत शंभर कोटी संधि असले व दहा वर्षांत त्यांतील एकही चुकूं नये अशी अट घातली, तर आंकडा साठाच्या वर लागतो. तो वाढवावा कसा? पटल जाड केलें तर आकारमान वाढतें, पण उभेपणा हा पृष्ठभागाचा गुण असल्यामुळें जाड पटल पुन्हा आडवें होतें. म्हणून २०१२ सालीं ओनो यांच्याच गटानें पटलाच्या खालीं व वर असे दोन्हीकडे मॅग्नेशियम ऑक्साइडचे थर दिले व दोन पृष्ठभागांचा हट्ट एकत्र केला.

इतकें झालें तरी कारखान्याची परीक्षा उरलीच. चकतीवर हे संधि बसविल्यानंतर त्यांच्या वर तांब्याच्या तारांचे मजले चढवावे लागतात, आणि त्या कामांत साऱ्या रचनेस सुमारें ४०० अंशांची उष्णता सोसावी लागते. आरंभींच्या संधींची शोभा तीनशेंसाडेतीनशें अंशांपुढें उतरूं लागे. कारण उघड होतें. ज्या टँटॅलमनें बोरॉनास आश्रय दिला, तेंच अधिक तावांत स्वतः हालचाल करूं लागे व पडद्यापर्यंत पोंचून स्फटिकांची जुळणी बिघडवी. सोनार दागिन्यास डाग देतांना ज्या बेतानें आंच राखितो, त्याच बेताचा हा प्रश्न होता. फरक एवढाच कीं येथें दागिन्याची जाडी दहापांच परमाणूंची. उपाय असा निघाला कीं, टँटॅलमच्या जागीं टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम यांसारखे जड, स्थिर व सहसा जागा न सोडणारे धातु घालावे. अशा थरांनीं ४०० अंशांची आंच सोसली, आणि उभा बोगदासंधि प्रयोगशाळेंतून कारखान्यांत गेला. २०१९ सालीं कोरियांतील सॅमसंग कंपनीनें अशी स्मृति इतर विद्युत्मंडलांच्या पोटांतच बसवून मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला.

तेव्हां ‘औष्णिक स्थैर्य’ या एका शब्दाखालीं दोन निराळ्या गोष्टी नांदतात, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. एक, भट्टींतून रचना अभंग बाहेर पडणें. दुसरी, लिहिलेला संकेत दीर्घकाळ टिकणें. पहिलींत परमाणूंनीं जागा सोडावयाची नाहीं. दुसरींत त्यांच्या चुंबकत्वानें दिशा सोडावयाची नाहीं. पहिली परीक्षा कांहीं तासांची, दुसरी वर्षानुवर्षांची. आणि दोहोंच्या मध्यें आणखी एक अवघड क्षण येतो. तयार चकती फळीवर डाग देऊन बसवितांना ती थोडा वेळ २६० अंशांपर्यंत तापते. तीस अंशांच्या उबेंत जो आंकडा ६० होता, तो तेवढ्या आंचेंत निव्वळ प्रमाणानें चौतिसांवर येतो, व द्रव्याचा हट्टही ढिला पडत असल्यामुळें त्याहूनही खालीं जातो. कारखान्यांत आधीं लिहून ठेविलेला मजकूर त्या दीडदोन मिनिटांत वांचवावयाचा, तर आंकडा आरंभींच मोठा हवा.

मग तो हवा तेवढा मोठा कां करूं नये, असें कोणी विचारील. येथेंच या इतिहासाचें मर्म आहे. जो घाट उष्णतेस चढूं द्यावयाचा नाहीं, तोच घाट लिहितांना आपणांस चढावयाचा असतो. स्मृति जितकी हट्टी, तितका तिला उलटविण्यास प्रवाह अधिक; प्रवाह अधिक तितकी वीज अधिक, आणि त्या नाजूक पडद्याची झीजही अधिक. लहानपणा, टिकाऊपणा व लिहिण्याची सुलभता या तिहींपैकीं कोणत्याही दोन मागाव्या आणि तिसरीची किंमत द्यावी, अशी उष्णतेची अट आहे. ती अट एकाही संशोधकास मोडतां आली नाहीं. त्यांनीं तिच्या आंत राहून नवी नवी जागा शोधिली. २०१८ सालीं सेंदाई येथें, आणि नेएलच्या ग्रेनोबल नगरींतही, वीस नॅनोमीटरांहून बारीक असे संधि करण्यांत आले, ज्यांत पटल व्यासापेक्षां उंच ठेवून खांबासारख्या आकारासच उभेपणाचा रखवालदार केलें होतें. विटांचें गणित मांडणाऱ्याच्या गांवीं त्याच गणिताचा नवा अध्याय लिहिला जावा, हा योग सुंदर खरा.

या साऱ्या खटाटोपाचा आपल्याशीं संबंध काय, असें वाचतां वाचतां कोणाच्या मनांत आलें असल्यास आमचें उत्तर असें. आज घरोघरच्या फोनांत बहुधा विद्युद्भारावर चालणारी स्मृति असते. पण त्यांतील छायाचित्रें व पत्रें ज्या दूरच्या कोठारांत सांठविलीं जातात, तेथें चुंबकीय तबकड्या व फितीच अहोरात्र पहारा करीत असतात. त्यांचेंही आयुष्य याच तराजूंत तोललें जातें. दख्खनच्या पाषाणानें सहा कोटी वर्षें आठवण ठेविली, मडक्यानें कित्येक सहस्रकें ठेविली, पौल्सेनच्या जाड तारेनें सव्वाशें वर्षें ठेविली. आणि मनुष्याच्या बुद्धीनें परमाणु मोजून घडविलेला संधि मात्र दहा वर्षांच्या हमीवर विकला जातो. यांत फसवणूक नाहीं. हा उघड करार आहे. जितक्या सहजतेनें आपण लिहूं व पुसूं इच्छितों, तितक्या प्रमाणांत टिकाऊपण आपणच सोडून देतों.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट नवी नव्हती. कागद शंभरदोनशें वर्षांत जीर्ण होणार हें ओळखून मठामंदिरांतून व घराघरांतून पोथ्यांच्या नकला होत असत. आज ज्या जुन्या पोथ्या आपण वाचतों, त्यांतील पुष्कळ मूळच्या नसून नकलेच्या नकलेच्या नकला आहेत. त्या काळीं नकल करणें हें पुण्यकर्म मानीत, आणि त्यामुळें काय ठेवावयाचें व काय जाऊं द्यावयाचें, याचा विचार प्रत्येक पिढीस करावा लागे. आजच्या स्मृतींत लक्षावधि पृष्ठें क्षणांत मावतात, म्हणून हा विचार अनावश्यक झाला असें आपण समजूं लागलों आहों. विटांच्या भट्टींतून निघालेला तो आंकडा सांगतो कीं तसें नाहीं. उत्तमोत्तम पटलेंही आपली आठवण कांहीं ठराविक वर्षेंच सांभाळणार. त्यापुढें ती सांभाळावयाची तर कोणीतरी ती वेळेवर दुसरीकडे उतरून घेतली पाहिजे. उष्णतेशीं आजवर झालेल्या सर्व तहांत हें एक कलम कायम राहिलें आहे, आणि त्याची पूर्तता पदार्थविज्ञानाकडे नसून वाचणाऱ्यांकडे आहे.